गलबताचा बेत

शैलजा पागे साठाव्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा हाताखालच्या बायकांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. कैची कुणी दिली नाही. ती त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी पर्समध्ये टाकून घरी आणली होती. बारा इंची, काळ्या मुठीची ही कैची एकतीस वर्षं त्यांच्या हातात होती, त्यामुळे मालकांनीही काही विचारलं नाही. घरी मात्र तिला काम उरलं नाही. दुधाची पिशवी कापायला एवढी मोठी कैची काढायची म्हणजे मुंगीला तोफेची सलामी.

इंदूरच्या त्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले जायचे. सून म्हणून रामबागेत आलेली शैलजा तिथे कॉलर जोडायला लागली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. कापायच्या टेबलाजवळ बायकांनी जायचं नाही, असा अलिखित नियम होता. तिथे कृष्णराव मास्टरांचं राज्य. एकदा जेवणाच्या सुट्टीत शैलजा त्या टेबलाखालच्या चिंध्यांचा ढीग उलटापालटा करत बसली होती. मास्टर मागे येऊन उभे राहिले.

"क्या ढूंढ रही हो?"

"मास्टरजी, या तीन चिंध्यांत एक खिसा निघतो," ती मराठीतच म्हणाली. "बाही जर उलटी ठेवली असती तर चिंधीच पडली नसती."

दुसऱ्या दिवशी कृष्णरावांनी तिच्यापुढे खाकी कागदाचा मोठा ताव आणि पेन्सिल टाकली. म्हणाले, "ठेव उलटी. दाखव." पुढची दोन वर्षं त्यांनी तिला कैचीला हात लावू दिला नाही. नुसतं बेतायला लावलं. मोठे तुकडे आधी, लहान त्यांच्या कुशीत, धागा कुठल्या अंगाने जातो ते पाहून. कापणं कुणालाही येतं, बेतणं येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते गेल्यावर त्यांच्या जागी शैलजाच आली आणि बायकांनी तिला 'मास्टरजी' म्हणायला सुरुवात केली. 'मास्टरनी' म्हणावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तर अशी ही बाई निवृत्तीनंतर तीन वर्षं घरात बसून कंटाळली होती. तिचे यजमान श्रीपादराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. ते मात्र मजेत होते. त्यांनी एक मंडळ गाठलं होतं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता लोकमान्य नगरात प्रतापराव खांडेकरांच्या गॅरेजमध्ये तिघं जमत आणि लाकडाची मॉडेलं बनवत. प्रतापराव सिंचन विभागातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून धरणाच्या साइटवरचा. तिसरा जयेश, दातांचा डॉक्टर, चाळिशीचा. त्याचा हात इतका नाजूक चालायचा की बाकीचे दोघं त्याला बारीक कामं देऊन स्वतः सल्ले देत.

यंदा त्यांनी मोठा घास घेतला होता. कॉलनीच्या गणेशोत्सवात हौशी लोकांचं प्रदर्शन असतं, त्यात मांडायला त्यांनी जुन्या मराठी गलबताचं किट मागवलं होतं. खोक्यात प्लायवूडचा कणा, त्याला बसणाऱ्या फासळ्या, डोलकाठ्या, दोरे, एक भलामोठा नकाशा आणि फिक्या लाकडाच्या साठ सेंटिमीटर लांबीच्या चव्वेचाळीस पट्ट्या. या पट्ट्या फासळ्यांवर एकाखाली एक चिकटवत गेलं की गलबताचं अंग तयार होतं. श्रीपादराव रोज जेवताना त्या गलबताविषयी बोलत. "शैला, एकास अठ्ठेचाळीस आहे. म्हणजे खऱ्या गलबताचे चार फूट, तर आपल्याकडे एक इंच." शैलजाबाई "हो का" म्हणत आणि आमटी वाढत.

त्या रविवारी श्रीपादराव चष्मा घरीच विसरून गेले. बारीक कामाचा चष्मा, त्याच्याशिवाय त्यांना पट्टी आणि सुतळी यांतला फरक कळत नाही. शैलजाबाई रिक्षा करून तो द्यायला गेल्या. गॅरेजच्या दारात पोचल्या तर आत सुतक पडल्यासारखी शांतता.

"काय झालं?"

जयेश म्हणाला, "काकू, पट्ट्या कम पडल्या."

हळूहळू हकीकत बाहेर आली. मंडळींनी सुरुवात सोप्या कामापासून केली होती. आधी डेकच्या बारा फळ्या कापल्या, अडतीस-अडतीस सेंटिमीटरच्या, प्रत्येक नव्या पट्टीतून एक. मग शिडी, कठडे, झाकणं, डेकवरच्या छोट्या खोलीच्या भिंती; त्यांच्यासाठी आणखी दहा नव्या पट्ट्या फोडल्या. आता राहिल्या होत्या बावीस आणि गलबताच्या दोन्ही बाजूंना मिळून लागत होत्या अठ्ठावीस.

"कंपनीनेच कमी दिल्यात," प्रतापराव म्हणाले. "मी फोन केला. म्हणतात, सुट्ट्या पट्ट्या मिळणार नाहीत, नवीन किटला सहा आठवडे लागतील. आणि गणपती तीन आठवड्यांवर. पूरा प्रोजेक्ट फेल."

शैलजाबाईंनी नकाशाकडे पाहिलं, पट्ट्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे पाहिलं. जमीन आरशासारखी लखलखीत होती.

"कापून उरलेले तुकडे कुठे आहेत?"

"ते काय करायचेत?" श्रीपादराव म्हणाले. "मी सगळं झाडून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डबा फाटकापाशी ठेवलाय."

आणि त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला.

त्रेसष्टाव्या वर्षी शैलजाबाई पळाल्या. मागून जयेश, त्याच्यामागे हातात चष्मा घेऊन श्रीपादराव. गाडीवरच्या बाईंनी डबा उचलून सुक्या कप्प्याच्या तोंडाशी नेलाही होता.

"दीदी, रुको! पलटना मत!"

गाडी थांबली. शैलजाबाईंनी प्रतापरावांच्या व्हरांड्यातली जुनी चादर ओढली, रस्त्यावर अंथरली आणि डबा त्यावर रिकामा केला. रद्दी, बिस्किटांचे पुडे, औषधांची पाकिटं आणि मधूनमधून लाकडाच्या पट्ट्या. त्या उकिडव्या बसून एकेक तुकडा वेचू लागल्या. समोरच्या गच्चीवरून शेजारच्या काकूंनी वाकून विचारलं, "काय हरवलं हो? अंगूठी गुमली का?"

"नाही हो," शैलजाबाई वर न बघता म्हणाल्या. "गलबत."

गाडीवरच्या बाईंना हे सगळं इतकं आवडलं की त्यांनीही खाली उतरून चार तुकडे शोधून दिले आणि बाकीचा कचरा नीट कप्प्यात घालून त्या पुढे गेल्या.

गॅरेजमध्ये परत आल्यावर शैलजाबाईंनी तुकडे टेबलावर लांबीप्रमाणे लावले. कारखान्यात सकाळी कापडाचं थान उघडल्यावर जसं अंगात वारं शिरायचं, तसं त्यांना वाटत होतं. बावीस सेंटिमीटरचे तुकडे अकरा मिळाले. बारावा फेविकॉल ढवळायला वापरला गेला होता. बाकीचे लहानमोठे, काही मोडलेले.

"यातून सहा फळ्या निघतील का बघते," त्या म्हणाल्या.

"वहिनीजी," प्रतापराव शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "हे कपड्यासारखं नाही. इंजिनिअरिंग आहे. तुकडे जोडले तर जोड दिसतील. गलबताची फळी अख्खी पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"ही फळी केवढी?"

"अठ्ठावन्न सेंटिमीटर."

"म्हणजे तेवीस इंच. आणि हे म्हणतात की एका इंचाला चार फूट." त्यांनी श्रीपादरावांकडे पाहिलं. इतके दिवस आमटी वाढताना बायको सगळं ऐकत होती, हे त्यांना तेव्हा कळलं. "तेवीस चोक ब्याण्णव. ब्याण्णव फुटांची सरळ फळी देणारं झाड कुठे असतं, प्रतापराव? खऱ्या गलबताला कुणी दिली असेल?"

शैलजाबाई नकाशावर वाकल्या. गलबताच्या बाजूच्या चित्रात प्रत्येक फळीवर कुठे कुठे बारीक उभ्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघ बरोबर फासळीवर.

"या रेघा कसल्या?"

"ते छपाईचे डाग आहेत," जयेश म्हणाला आणि मग स्वतःच नकाशावर वाकला. नकाशाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, त्या रेघांचा अर्थ दिला होता. चष्मा लावून श्रीपादरावांनी तो वाचला: फळ्यांचे जोड.

"खाकी कागद आहे का घरात?" शैलजाबाईंनी विचारलं.

पुढचे चार दिवस पाग्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. दोघं ताट मांडीवर घेऊन बसत. टेबलावर खाकी कागद पसरला होता आणि त्यावर गलबताच्या अठ्ठावीस फळ्या मापात आखल्या होत्या, फासळ्यांच्या जागा लाल पेन्सिलीने. शैलजाबाई तुकडे त्यावर ठेवत, सरकवत, उचलत. जोड फासळीवरच यायला हवा, नाहीतर तो अधांतरी राहील. शेजारच्या फळीचा जोड त्याच फासळीवर नको, नाहीतर तिथे गलबताला शिवणीसारखी रेघ पडेल. त्यांनी तुकड्यांचे रंगही जुळवले: काही पट्ट्या साईसारख्या, काही गव्हाळ. एका थानाचं कापड जसं एका सदऱ्यात जातं, तसे एका रंगाचे तुकडे एका फळीत.

"आणि ही अख्खी पट्टी बाजूला का ठेवलीस?" श्रीपादरावांनी विचारलं.

"तिची रेषा बघा, तिरकी जाते. नाकाशी वाकवली की मोडेल. ती मध्ये, सरळ जागी जाईल. नाकाला या सरळ रेषेच्या."

श्रीपादराव बघत राहिले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. बायको कारखान्यात कटिंग करते एवढं त्यांना ठाऊक होतं. पण तिला कधी काम करताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. ती कारखान्यात असे तेव्हा ते पार्सल ऑफिसात असत. आता ती कागदावर वाकून, ओठ आत ओढून, एक बोटभर तुकडा इकडचा तिकडे करत होती आणि कपाळावरची बट मागे सारायचंही तिला भान नव्हतं. त्यांनी न सांगता दोनदा चहा केला. दुसऱ्यांदा साखर घालायला विसरले, पण तिने तोही पिऊन टाकला.

बुधवारी ती अडली. सगळं बसलं आणि एक वीतभर जागा उरली. तुकडे होते, पण कुठलाच दोन फासळ्यांवर टेकेना. हा तिकडे नेला की इकडे भोक पडे. गुरुवारी सकाळी भाजी निवडता निवडता त्या एकदम उठल्या.

"अहो, डेक चिकटवला का तुम्ही लोकांनी?"

"अजून नाही. शेवटी करायचाय."

"डेकवर ती खोली बसते ना, त्याखालच्या फळ्या कुणाला दिसतात?"

"कुणालाच नाही."

"मग झालं. सदऱ्याच्या आतल्या पट्टीला कुणी अख्खं कापड घालत नाही."

खोलीखाली पाच फळ्यांचा बारा-बारा सेंटिमीटर भाग येत होता. तेवढे तुकडे मोकळे झाले. दोन लागले, तीन त्यांनी एका पाकिटात घालून पाकीट बेसनाच्या डब्यामागे ठेवलं आणि त्याविषयी कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी त्या कागदाची गुंडाळी घेऊन श्रीपादरावांबरोबर गॅरेजमध्ये गेल्या. प्रतापरावांनी कागद उलगडला, लाल रेघांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. धरणाचे नकाशे वाचलेला माणूस. चांगला नकाशा समोर आला की त्याला कळतो.

"सगळं ठीक आहे, वहिनीजी," ते म्हणाले, "पण खोलीखाली पोकळ ठेवायचं? दिसत नाही म्हणून काम खोटं करायचं का?"

"पोकळ कुठे म्हटलं मी? झाकल्या जागी जोड चालतो, भोक चालत नाही. कृष्णराव मास्टर असते तर त्यांनी माझा कागदच फाडला असता." त्यांनी पिशवीतून आइस्क्रीमच्या धुतलेल्या काड्या काढल्या. "या तिथे. मापात कापून आणल्यात."

प्रतापराव पहिल्यांदा मोकळे हसले. "चलो भिया," ते म्हणाले, "लागा कामाला."

काम ठरलं. शैलजाबाई खूण करणार, जयेश कापणार, श्रीपादराव चिकटवणार, प्रतापराव पट्ट्या पाण्यात भिजवून वाकवणार. शैलजाबाईंनी एकच सूचना पुन्हा पुन्हा दिली: रेघेवर कापू नका, रेघेच्या बाहेरून कापा, पात्यालाही जाडी असते, ती तुकड्यातून जायला नको. आता रविवार पुरेना, म्हणून मंडळी रोज सकाळी जमू लागली. जयेश दवाखाना उघडण्याआधी दोन तास येई. जोडांवर लाकडाचा भुसा आणि फेविकॉल दाबून त्याने ते असे भरले की बोट फिरवूनही लागेनात. "काकू, हे तर माझं रोजचंच काम," तो म्हणे. "फरक इतकाच की हे गलबत ओरडत नाही."

डाव्या बाजूच्या शेवटच्या फळीपाशी मात्र घोटाळा झाला. त्या दिवशी जयेशला यायला उशीर झाला आणि प्रतापरावांना राहवेना. त्यांनी एक छोटा तुकडा स्वतः कापला, बरोबर रेघेवर. जागेवर ठेवला, तर फासळीपासून केसभर अलीकडे राहिला. त्यांनी तो काढला, पुन्हा ठेवला, उलटा ठेवला. लाकूड काही वाढेना. शैलजाबाई आल्या तेव्हा ते तुकडा हातात घेऊन खुर्चीवर बसले होते, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे.

"वहिनीजी, चुकलं," ते म्हणाले. आवाज साइटवरचा नव्हता. "तुम्ही दहा वेळा सांगितलं होतं. एवढा मोठा माझा हिशेबी स्वभाव, आणि एक रेघ पाळता आली नाही. आता एवढ्यासाठी गलबत अडलं."

शैलजाबाईंनी पर्समधून पाकीट काढलं आणि त्यातले तीन तुकडे टेबलावर ठेवले.

"हे कुठून आले?"

"बेतातूनच. प्रतापराव, एकतीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही की कुणाचं एक कापड चुकलं नाही. माझंही चुकायचं. म्हणून चुकीचाही बेत आधीच करून ठेवावा लागतो." मग एक तुकडा त्यांच्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "घ्या. तुम्हीच कापा."

"मी?"

"हो. आता तुम्हीच बरोबर कापाल."

प्रतापरावांनी श्वास रोखून तो कापला. बसला. चिमटीत धरून चिकटवलाही त्यांनीच आणि सुकेपर्यंत पाच मिनिटं बोट दाबून उभे राहिले, जयेशने खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या सभागृहात प्रदर्शन उघडलं. शैलजाबाई पोळ्या उरकून थोड्या उशिरा गेल्या. रांगोळ्या, भरतकाम, कुणाची नाणी, कुणाचे निवडुंग यांच्यामधून वाट काढत त्या शेवटच्या टेबलापाशी आल्या. गलबत उभं होतं. शिडं भरलेली, अंगाला तेलाचा हलका हात, आणि जोडांच्या बारीक रेघांनी त्याला असं रूप आलं होतं की जणू कोकणातल्या कुण्या सुताराने फळ्या खरोखर ठोकल्यात. पण लोकांची गर्दी गलबतापुढे नव्हती, त्याच्यामागच्या भिंतीपुढे होती.

भिंतीवर त्यांचा खाकी कागद लावला होता. घडीच्या खुणा, चहाच्या कपाचा गोल डाग, खोडलेल्या रेघा, सगळ्यासकट. खाली प्रतापरावांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'बेत: शैलजा श्रीपाद पागे, कटिंग मास्टर.' आणि प्रतापराव स्वतः हातात छडी घेऊन, दूरवर ऐकू जाईल अशा आवाजात, कॉलेजच्या पोरांना समजावून सांगत होते की मोठा तुकडा आधी का आणि जोड फासळीवर का.

"अहो, हे काय?" शैलजाबाई श्रीपादरावांना म्हणाल्या. "त्यावर चहाचा डाग आहे. मला सांगायचं तरी. मी दुसरा आखून दिला असता."

"हाच हवा होता आम्हाला," श्रीपादराव म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी हाक मारली, "मास्टरजी!" कारखान्यातली पूर्णिमा होती, शिलाईवरची, मुलाला खांद्यावर घेऊन आलेली. ती कागदापुढे उभी राहिली आणि तिने क्षणभरात डोकं तिरकं केलं, जसं कारखान्यात सगळ्या जणी करत.

"ये तो आपलंच आहे," ती म्हणाली. "बाही उलटी ठेवलीय ना इथे? नाही, बाही नाही... पण तसंच ना?"

"तसंच," शैलजाबाई म्हणाल्या. पूर्णिमाने मुलाला त्यांच्या कडेवर देऊन टाकलं. मुलाने लगेच गलबताकडे हात केला. मग दोघी हसत सुटल्या आणि गलबत मागे सरकवायची धावपळ झाली.

बक्षीस निवडुंगांना मिळालं. प्रतापरावांनी दोन दिवस परीक्षकांविषयी फार वाईट बोलून घेतलं.

आता मंडळाने नवीन किट आणलंय, दुमजली देवळाचं. खोकं तीन आठवडे गॅरेजमध्ये पडून आहे आणि सुरी कुणी हातात घेतलेली नाही, कारण बेत अजून पुरा झालेला नाही. रविवारी नऊला आता पागे पतिपत्नी दोघंही निघतात. त्यामुळे सकाळचे पोहे श्रीपादराव करतात. पोहे फार भिजतात, शेवही ते आधीच घालून ठेवतात म्हणून मऊ पडते, पण शैलजाबाई ताटलीतला एक दाणाही न टाकता खातात आणि म्हणतात, "चला, उशीर होतोय."